आश्रमशाळेतलं लेकरू गावाचंच आहे

(तालुका पालक मेळाव्यात संघटनेच्या युवा गटातर्फे झालेलं भाषण. ज्या पाड्यांवरचे साथी लावणीमुळे येऊ शकले नाहीत, त्यांनी ग्रामसभेत हे मोठ्याने वाचून घ्यावं. शेवटी ठरावाचा नमुना दिला आहे.)



आज दावे, अपिलं, मोजणी यावर आम्ही बोलणार नाही. ते पुढच्या बैठकीत आहे. आज युवा गटाची आम्ही पोरं-पोरी आश्रमशाळेवर बोलायला उभी आहोत. आमच्यातले बहुतेक जण आश्रमशाळेतच शिकलो. कुणी पहिलीपासून तिथेच, कुणी पाचवीपासून. बारावीपर्यंत पोचलो ते त्या शाळांमुळेच. म्हणून शाळा वाईट आहेत, पोरांना काढून घ्या, असं आम्ही म्हणत नाही. पोरं शाळेत राहिलीच पाहिजेत. पण ती तिथे सुखरूप राहिली पाहिजेत, आणि ते बघायचं काम आपलंपण आहे, एवढंच सांगायचं आहे.

कुणी विचारेल, जमिनीच्या संघटनेत हा विषय कशाला? तर बघा. दिवाळी झाली की आपल्यातली कितीतरी घरं वीटभट्टीवर जातात. पाऊस जवळ आला की परत येतात. तेवढे महिने पोर शाळेत. पोटापुरती जमीन नाही म्हणून आपण भट्टीवर, आणि आपण भट्टीवर म्हणून पोर दुसऱ्याच्या ताब्यात. गोष्ट एकच आहे.

गुराखी सकाळी गुरं रानात सोडतो, पण संध्याकाळी मोजून घेतो. एक वासरू कमी भरलं तरी बत्ती घेऊन शोधायला जातो. आपण पोरांना जूनमध्ये शाळेत सोडतो आणि गणपतीला नाहीतर दिवाळीला घ्यायला जातो. मधल्या दिवसांत कोण मोजतं?

शाळेत लेकरू कुणाच्या ताब्यात?

आदिवासी विकास विभागाच्या राज्यात पाचशेच्या आसपास सरकारी आश्रमशाळा आहेत, आणि तेवढ्याच किंवा थोड्या जास्त संस्थांच्या अनुदानित शाळा आहेत. शिकवायला शिक्षक असतात. शाळेचा प्रमुख मुख्याध्यापक. राहण्या-जेवणाची जबाबदारी अधीक्षकाची आणि मुलींसाठी अधीक्षिकेची. त्यांच्या वर प्रकल्प अधिकारी. प्रकल्प अधिकाऱ्याचं ऑफिस आपल्या भागात जव्हारला, डहाणूला, शहापूरला आहे. शाळा संस्थेची असली तरी अनुदान सरकारचं असतं, म्हणून तपासायचं कामही सरकारचंच. ‘आमची खाजगी संस्था आहे, तुम्ही विचारू नका’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

कागदावर हे सगळं आहे. प्रत्यक्षात काय असतं ते आम्ही राहून पाहिलं आहे. काही शाळांत ज्या खोलीत दिवसा वर्ग, त्याच खोलीत रात्री झोपायचं. दाराला आतून कडी नाही. संडास बांधलेले असतात पण पाणी नाही, म्हणून पोरी अंधारात बाहेर जातात. आंघोळ उघड्यावर. अधीक्षिकेची जागा रिकामी, किंवा ती मुक्कामाला राहत नाही. रात्री शंभर-दोनशे पोरांमागे एक शिपाई. चांगले गुरुजी, चांगल्या बाई पुष्कळ आहेत, आम्हाला लाभले म्हणून आम्ही इथे उभे आहोत. पण नुसत्या चांगल्या माणसाच्या भरवशावर लेकरू ठेवता येत नाही. वाईट माणूस आला तर त्याला अडवील अशी व्यवस्था लागते. जिथे बघणारं कुणी नाही, तिथे तो हात घालतो.

२०१६ साली बुलढाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यातल्या एका निवासी आश्रमशाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. शाळेच्या कर्मचाऱ्यांना अटक झाली. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या मुलीने आईबापाला सांगितलं, तेव्हा ते बाहेर आलं. म्हणजे सुट्टी लागेपर्यंत त्या लेकरांना सांगायला जवळ आपलं माणूस नव्हतं. हे ध्यानात ठेवा.

कशाला अन्याय म्हणायचं?

पहिली गोष्ट मारहाण. आपण म्हणतो, गुरुजीने मारलं तर काय झालं, शिस्त लागते. पण शिक्षण हक्क कायदा २००९, त्याचं कलम १७: मुलाला मारायचं नाही आणि मानसिक छळही करायचा नाही. ‘तुम्ही जंगली’, ‘तुम्हाला अक्कल नाही’, आपल्या बोलीवरून हसणं, हे सगळं छळातच येतं. जो पोर मार गप्प सोसायला शिकतो, तो पुढचं काहीही गप्प सोसतो.

दुसरी गोष्ट राबवणं. गुरुजींच्या घरची भांडी, कपडे, अंग दाबून देणं, पोरींना खोलीवर कामाला बोलावणं. हे शिक्षण नाही. यातूनच पुढचा रस्ता उघडतो.

तिसरी गोष्ट अंगाला वाईट हेतूने हात लावणं, कपडे काढायला लावणं, मोबाईलवर घाण चित्रं दाखवणं, पोरीचे फोटो काढणं, आणि त्याहून जे वाईट ते. हे पोरींनाच होतं असं नाही, पोरांनाही होतं. पोरगे तर कुणाला सांगतच नाहीत. आणि करणारा मोठाच असतो असंही नाही, वरच्या वर्गातला मुलगाही असू शकतो.

या तिसऱ्या गोष्टीसाठी २०१२ चा बाल लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा आहे. त्याला पोक्सो म्हणतात. १४ नोव्हेंबर २०१२ पासून तो लागू झाला. अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण त्यात बालक, मुलगा असो की मुलगी. शाळेतल्याच माणसाने केलं तर शिक्षा आणखी कडक. तो अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर अॅट्रॉसिटी कायदाही लावायला सांगायचं.

कळवायचं कुणी?

या कायद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम १९. असा गुन्हा झाला आहे, किंवा होण्याची भीती आहे, असं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. मुख्याध्यापक, अधीक्षिका, शिपाई, स्वयंपाकीण, नर्सबाई, सरपंच, अंगणवाडीताई, आपण, सगळे त्यात आले. माहीत असून लपवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थेचा प्रमुख असेल आणि आपल्या हाताखालच्या माणसाचं त्याने लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंडही.

शाळा म्हणते, ‘आधी आमची समिती चौकशी करील, मग बघू.’ कायद्यात असं थांबायला सांगितलेलं नाही. खरं-खोटं ठरवायचं काम पोलिसांचं आणि कोर्टाचं. शाळेचं काम कळवायचं. आणि ज्याने प्रामाणिकपणे कळवलं त्याच्यावर कसलीही कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणून आश्रमशाळेत नोकरीला असलेल्या आपल्याच भाऊ-बहिणींना आमचं सांगणं आहे: साहेबाला घाबरून गप्प बसाल तर साहेब सुटेल आणि तुम्ही अडकाल.

बदलापूर इथून लांब नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाला. आईबाप पोलीस ठाण्यात गेले तर गुन्हा नोंदवायला तास न् तास बसवून ठेवलं. मग लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले तेव्हा सगळी यंत्रणा हलली. माहीत असून पोलिसांना कळवलं नाही म्हणून शाळेच्या प्रमुखांवर पोक्सोखालीच गुन्हा दाखल झाला. शहरात हे असं. आपल्या पाड्याजवळ रेल्वे नाही अडवायला. आपल्याकडे ग्रामसभा आहे, आणि कागद करायची सवय आहे.

ती सवय इथे वापरा

वनहक्काच्या दाव्यांत आपण काय शिकलो? तोंडी अर्ज म्हणजे अर्ज नाही. लिहून द्यायचं, पोच घ्यायची, झेरॉक्स पिशवीत ठेवायची. तसंच इथे. तक्रार दिली की पोलिसांनी ती लिहून घ्यायची, नोंदीचा क्रमांक द्यायचा, वाचून दाखवायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे कारण चालत नाही, कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. तरी नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायचं, पोस्टाने.

दाव्यात आणखी एक शिकलो. फॉरेस्टवाले म्हणायचे, कागद कुठे आहे? आपण म्हणालो, नियमात लिहिलं आहे, गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तो पुरावा आहे. आपल्या आज्यांच्या तोंडी शब्दाला आपण पुरावा म्हणून उभं केलं. मग आपल्याच नातीचा शब्द आला की आपण का म्हणतो, ‘बारकी आहे, काहीतरी बोलते’? तिचा शब्दही पुरावा आहे. आधी तो ऐकून घ्यायचा.

कसा ऐकायचा? पोर अचानक शाळेला जायला नको म्हणतं, झोपेत दचकतं, अंथरूण ओलं करायला लागतं, एका ठरावीक माणसाचं नाव काढलं की गप्प होतं, पोटात दुखतं म्हणतं, किंवा त्याच्याकडे कुठून पैसे-खाऊ आला ते सांगत नाही. असं दिसलं तर मारू नका, ओरडू नका. आईने, आजीने, आत्याने, ज्याच्यावर पोराचा जीव आहे त्याने एकट्याने बसून आपल्या बोलीत विचारायचं. जेवढं सांगेल तेवढं ऐकायचं. शब्द तोंडात घालायचे नाहीत. ‘तू का गेलीस?’ असं तर कधीच विचारायचं नाही. सांगितलं ते त्याच शब्दांत वहीवर लिहून ठेवायचं, तारीख टाकायची. दहा जणांपुढे दहा वेळा सांगायला लावायचं नाही. नुकतंच झालेलं असेल तर कपडे धुवू नका, तसेच वाळवून कापडी पिशवीत ठेवा. सरकारी दवाखान्यात ताबडतोब न्या, उपचार फुकट आहेत. मुलीला तपासायला बाई डॉक्टरच पाहिजे आणि तपासताना आई किंवा विश्वासाचं माणूस जवळ पाहिजे.

जबाबाला पोराला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. जबाब घरी किंवा पोर म्हणेल तिथे घ्यायचा. होईल तोवर बाई अधिकारी पाहिजे, आणि अंगावर वर्दी नको. आपली पोरं वारली, कातकरी, ठाकरी बोलतात. त्यांना मराठीत नीट सांगता आलं नाही तर दुभाषा मागायचा हक्क आहे. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, ते कळवलं का हे विचारा. फोन करायचा तर १०९८, रात्री-अपरात्री, फुकट. ११२ पण आहे.

आता आपल्यातल्या गोष्टी

इथपर्यंत शाळेचं आणि सरकारचं बोललो. आता गावाचं बोलतो. थोडं कडू लागेल.

एका पाड्यावर असं झालं. गाव, शाळा, साल काहीच सांगणार नाही, कारण पोराची ओळख उघड करणं हाही पोक्सोमध्ये गुन्हाच आहे. पोरीने मावशीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संस्थेची जीप आली. गाडीत तांदळाचं पोतं, खिशात पैसे. म्हणाले, पोरीचं नाव खराब होईल, लग्न जमणार नाही, कोर्टात चपला झिजतील, गावातच मिटवू. पंच बसले. काही पंचांच्या माना हलायलाही लागल्या होत्या. तेव्हा बचत गटाच्या बाया उठल्या. एक म्हातारी म्हणाली, ‘आपल्या प्लॉटावर गार्डाने पैसे घेऊन सोडतो म्हटलं, तेव्हा आपण दिले नाहीत. मग आज का घेता?’ पोतं परत गाडीत टाकलं. पाच बाया, पोरीची आई आणि वनहक्क समितीचा सचिव टेम्पोने तालुक्याला गेले. दुपारी पोचले, रात्री एफआयआरची प्रत घेऊनच निघाले. प्रत हातात घेतली म्हणजे लढाई संपली असं नाही. कोर्ट चालू आहे. पण त्या शाळेत तो माणूस आज नाही, आणि ती पोर दुसऱ्या शाळेत शिकते आहे.

म्हणून पहिली गोष्ट: हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. पंचांना तो अधिकार नाही. आपले पंच बांधाचं भांडण मिटवतात, देज-दावा मिटवतात, ते चांगलं आहे. पण लेकराच्या अंगाला हात लावल्याचा दंड बोकड-दारूने फिटत नाही. सरकारी भरपाई, मनोधैर्य योजनेची मदत, हे वेगळं आहे. ती पोराची हक्काची आहे, ती घ्यायची. गुन्हेगाराच्या हातचा पैसा म्हणजे तडजोड, तो घ्यायचा नाही.

दुसरी गोष्ट: पोरीला शाळेतून काढून लगेच लग्न लावून द्यायचं, हे बंद झालं पाहिजे. गुन्हा दुसऱ्याने केला आणि शाळा हिची सुटली, हा कुठला न्याय? शाळेतून जायचं ते त्या माणसाने.

तिसरी गोष्ट अवघड आहे. पोक्सो म्हटलं की आपल्या लोकांना वेगळीच भीती वाटते. सतरा वर्षांची पोरगी आणि वीस वर्षांचा पोरगा एकमेकांच्या मनाने राहायला लागतात, बाळंतपणाला दवाखान्यात नेलं की वय बघून पोरावर केस होते. असं होतं हे आम्हाला माहीत आहे. कायदा अठराच्या खाली संमती मानत नाही. त्यावर आपल्याला वेगळं बसून बोलावं लागेल, अठरा पुरेपर्यंत थांबा हे पोरापोरींना सांगावंही लागेल. पण या भीतीची पांघरूण म्हणून मदत घेऊन कुणी मास्तर, कुणी संस्थाचालक सुटता कामा नये. ताब्यातल्या लेकरावर ताकद चालवणं आणि दोघांचा जीव जडणं हे सारखं नाही, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

राखण कशी करायची?

आपण जंगलाला राखण बसवली. पाळी लावली, कुणाच्या घरची कधी ते ठरवलं. तशीच शाळेची पाळी लावा. पेसा कायदा १९९६ चा. शाळा, दवाखाना अशा सामाजिक संस्थांवर आणि तिथल्या कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार त्यात ग्रामसभेला आणि पंचायतीला दिला आहे. जमिनीसाठी आपण पेसा वापरला, शाळेसाठी अजून नीट वापरला नाही.

दुसरं हत्यार शाळा व्यवस्थापन समिती. त्यात ७५ टक्के पालक पाहिजेत आणि निम्म्या बाया पाहिजेत. पुष्कळ ठिकाणी समितीवर कोण आहे हे समितीवाल्यांनाच माहीत नाही. वही घरी येते, अंगठा घेऊन जाते. आजपासून अंगठा वाचून झाल्यावर.

महिन्यातून एकदा, न सांगता, दोन बाया आणि एक गडी शाळेत जायचं. काय बघायचं? अधीक्षिका मुक्कामाला आहे का. मुलींच्या खोलीला आतून कडी आणि बाहेर उजेड आहे का. संडासात पाणी आहे का. हजेरी वहीत जेवढी पोरं, तेवढी ताटावर आहेत का, मोजायची. पोर घरी सोडताना कुणाबरोबर सोडलं त्याची सही आहे का. आईबापाने नाव दिलेल्या माणसाशिवाय कुणाबरोबरही, ‘मामा आहे’ म्हटलं तरी, सोडायचं नाही. तक्रारपेटी आहे का, आणि ती उघडताना समितीतली बाई हजर असते का. नाहीतर ज्याच्याविरुद्ध चिठ्ठी, तोच पेटी उघडतो. १०९८ हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात आहे का, आणि पोरांना फोन करायला मिळतो का.

मग पोरांजवळ बसायचं. आपल्या पाड्याचीच नाही, भट्टीवर गेलेल्यांचीही, ज्यांचं कुणी येत नाही त्यांची आधी चौकशी करायची. वाईट माणूस तेच पोर निवडतो ज्याच्यामागे कुणी नाही. त्याला कळू द्या की या पोरामागे आख्खं गाव आहे.

युवा गटातर्फे आम्ही एवढं कबूल करतो: ज्या पाड्याला अर्ज लिहून पाहिजे त्याला लिहून देऊ, ठाण्यात बरोबर येऊ, कोर्टाच्या तारखेला घरच्यांसोबत बसू. पोराचं नाव आमच्या तोंडून किंवा या पत्रकात कधीच येणार नाही.

ठरावाचा नमुना (ग्रामसभेच्या वहीत उतरवून घ्या)

‘आज रोजीच्या ग्रामसभेत ठरले की, आमच्या गावातील मुले ज्या आश्रमशाळेत राहतात तिथे दर महिन्याला ग्रामसभेने निवडलेल्या दोन महिला व एक पुरुष भेट देतील व अहवाल ग्रामसभेत वाचतील. अधीक्षिकेचे पद रिकामे असल्यास ते भरावे, मुलींच्या खोल्यांना कडी, दिवे व पाणी द्यावे, अशी मागणी प्रकल्प अधिकारी यांच्याकडे लेखी करावी व पोच घ्यावी. मुलांवरील अत्याचाराची कोणतीही बाब गावात मिटवली जाणार नाही, ती त्याच दिवशी पोलिसांना कळवली जाईल. अशी तडजोड करणाऱ्यास ग्रामसभेचा पाठिंबा राहणार नाही. पीडित मुलाचे शिक्षण चालू ठेवण्याची जबाबदारी ग्रामसभा घेत आहे.’

खाली सह्या, अंगठे, तारीख. एक प्रत शाळेला, एक प्रकल्प कार्यालयाला, एक पोलीस ठाण्याला, एक आपल्या पिशवीत. पुढच्या बैठकीला येताना पोच घेऊन या.

जिंदाबाद!